शाळा व्यवस्थापन समितीवर नव्याने आलेल्या ताईंसाठी

ताई, जिल्हा परिषद शाळेच्या समितीवर आलात, फार बरं झालं. पहिल्याच बैठकीत इतिवृत्ताची वही मागा आणि वर्षभराचे ठराव वाचून काढा. कोणता ठराव नुसता कागदावर राहिला, ते तिथेच कळतं. वही घरी पाठवून सही मागितली, तर अजिबात करू नका.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक ठेवलेत, निम्म्या महिला. तेव्हा बोलायला बिचकू नका. शाळा विकास आराखडा करणं हे समितीचंच काम आहे. मुख्याध्यापकांनी तयार करून आणलेला तसाच मंजूर करू नका.

मधल्या सुट्टीत न सांगता शाळेत जा. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम धान्य धरलंय, सहावी ते आठवीला 150. वरण पळीने ढवळून बघा, डाळ तळाशी किती लागते ते. स्वयंपाकीण मावशींवर मात्र आवाज चढवू नका, बिचाऱ्या तुटपुंज्या मानधनावर राबतात. साठा नोंदवही पाहा, प्रश्न मुख्याध्यापकांना विचारा.

आणि मुलींचं स्वच्छतागृह स्वतः उघडून बघा. नळाला पाणी आहे का, आतून कडी लागते का? नसेल तर त्याच महिन्याच्या बैठकीत ठराव घ्या, प्रत ग्रामपंचायतीला द्या आणि पोच घ्या.