जुन्या कॅम्परचा एसी, आधी छताकडे बघ

मित्रा, जुन्या कॅम्परचा (आत राहायची-झोपायची सोय केलेल्या गाडीचा) एसी नीट गार करत नाही म्हणून लगेच नवा घ्यायची घाई नको करूस, आधी गाडीत उष्णता शिरते कुठून ते बघ. एप्रिलच्या दुपारी पुण्यात पारा 40 च्या आसपास जातो, तेव्हा उन्हात उभ्या गाडीच्या छताला आतून हात लाव, चटका बसेल. मी माझ्या जुन्या ट्रॅव्हलरच्या छताचं अस्तर काढून फोम चिकटवला, वरून पांढरा रंग मारला, काचांना चंदेरी शीट लावली आणि तोच जुना एसी गार वाटायला लागला, खरंच.

मग कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारा भाग. जाळीत धूळ, किडे बसतात, मऊ ब्रशने आणि हलक्या पाण्याने धू. हायवेला गार आणि सिग्नलला गरम असं होत असेल तर त्याचा फॅन तपास, पुण्यात नाना पेठेत गाड्यांच्या पार्ट्सच्या दुकानांत विचार. गॅस सारखा कमी होतोय? मग नुसता भरू नको, लीकेज शोधायला लाव, माझे दोन उन्हाळे त्यातच पैसे गेले.

इंजिन बंद करून चालवायचाय तर 1000 वॅटचा एसी म्हणजे 12 व्होल्टवर 80-85 अँपिअर, 200 एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) बॅटरी दोन-सव्वादोन तासांत संपते. त्यापेक्षा रात्रीपुरता छताला एक्झॉस्ट फॅन बसव, आपल्याकडे उन्हाळ्यातही रात्री पारा बराच उतरतो.