ऐरोलीत कंपनी आली, म्हणून घणसोलीत फ्लॅट?

प्रश्न : नवी मुंबईत घणसोलीला वन बीएचके पाहतो आहे. एजंट म्हणतो, "ऐरोलीत मोठ्या कंपनीने दोन लाख चौरस फूट ऑफिस घेतलंय, भाव चढणार, आजच टोकन द्या." अशा बातमीवर किती विसंबायचे?

उत्तर : 'घेतलंय' म्हणजे विकत की भाड्याने, हे आधी विचारा. ऐरोलीच्या आयटी पार्कांमधली ऑफिसे बहुतेक भाड्याचीच. तिथे कराराची वर्षे मोजू नका, लॉक-इन मोजा, म्हणजे जेवढा काळ कंपनीला जागा सोडता येत नाही तो. बातमीत नऊ वर्षे छापून येतात. कंपनी बांधलेली असते ती साधारण तीन ते पाच वर्षे, पुढे नोटीस दिली की मोकळी. कोरी जागा घेऊन एसी, वायरिंग, जनरेटर पदरच्या पैशाने बसवले असतील तर गोष्ट वेगळी. तो खर्च निघताना वसूल होत नाही, म्हणून सहसा कोणी लवकर हलत नाही. फर्निचरसकट तयार जागेला एवढे वजन देऊ नका.

दुसरे, जुने ऑफिस कुठे होते? समजा, ठाण्याच्या वागळे इस्टेटमधले १.६ लाख फूट सोडून इथे २ लाख घेतले, तर वाढ फक्त ४० हजार फुटांची. माणशी ८० ते १०० फूट धरा : चारशे-पाचशे खुर्च्या.

महापे-रबाळ्याकडच्या डेटा सेंटरच्या बातम्या तर घर घेणाऱ्याने सोडूनच द्याव्यात. पैसा वीज, कूलिंग आणि सर्व्हरमध्ये जातो. माणसे थोडीच लागतात.

खातरजमा घरबसल्या होते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च उघडा. वर्ष, जिल्हा ठाणे, तालुका ठाणे, गाव आणि प्लॉट क्रमांक भरा. (खारघर असेल तर जिल्हा रायगड, तालुका पनवेल, 'नवी मुंबई' डोक्यात असली की इथे हमखास चूक होते.) क्रमांकात नुसता आकडा टाका, न सापडल्यास मागचे-पुढचे वर्ष पाहा. सूची क्रमांक २ वर (इंडेक्स टू, नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) दस्ताचा प्रकार, क्षेत्रफळ, रक्कम, तारीख दिसते. नोंदच नसेल तर व्यवहार अजून बोलण्यातच असू शकतो.

तिथेच तुम्ही पाहताय त्या सोसायटीतले भाडेकरारही शोधा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सची (घरभाड्याचा नेहमीचा करार) नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळे खरे आकडे हाती लागतात. दोन वर्षांत भाडे हललेले नसेल तर भाव पाडूनच मागा. आणि टोकन द्यायचेच झाले तर पावतीवर 'कर्ज नामंजूर झाल्यास पूर्ण रक्कम परत' एवढे लिहून घ्या.