फेअर ट्रेड (शेतकऱ्याला किमान भावाची हमी देणाऱ्या व्यवस्थेतली) कॉफी पिकवणाऱ्या आमच्या अराकूच्या (आंध्र प्रदेश) संस्थेतल्या दोघा शेतकऱ्यांना युरोपात, फ्रान्सला, ग्राहकांच्या भेटीला नेलं तर भाव वाढून मिळतो का?

ग्राहकांना भेटून भाव वाढत नाही. तुमच्या अराकूच्या संस्थेतल्या दोघांना फ्रान्सला न्यायचंच असेल तर रोस्टरच्या, म्हणजे कॉफी भाजून विकणाऱ्याच्या, कपिंगला (चव घेऊन गुण देण्याच्या चाचणीला) न्या, तिथे वाढायची शक्यता तरी असते.

हिशेब बघा. वॉश्ड (धुऊन प्रक्रिया केलेल्या) अराबिका कॉफीचा फेअरट्रेड किमान भाव ऑगस्ट 2023 पासून पौंडाला 1.80 डॉलर आहे, वर संस्थेला मिळणारा 20 सेंट जादा प्रीमियम. म्हणजे ग्रीनच्या (न भाजलेल्या बियांच्या) किलोमागे प्रीमियम साधारण 44 सेंट. एका कपाला 18 ग्रॅम भाजलेली कॉफी धरली तर ग्रीन लागते एकवीस-बावीस ग्रॅम, आणि तिच्यातला प्रीमियम एक सेंटसुद्धा भरत नाही. ग्राहक कितीही गहिवरला तरी त्याचे पैसे दुकानाच्या गल्ल्यात जातात. शेतकऱ्याचा भाव करारात आधीच ठरलेला असतो. शिवाय अराकूचं दुकान पॅरिसमध्ये 2017 सालीच उघडलंय, नाव तिथे नवीन नाही.

रोस्टर विचारतो: लॉट किती पोत्यांचा, ओलावा किती, चेरी (कॉफीचं फळ) तोडल्यावर किती तासांनी पल्पिंग (गर काढणं), आंबवण किती तास, वाळवण टेबलावर की खळ्यावर. ही उत्तरं सेक्रेटरीकडे नसतात, पल्पर चालवणाऱ्या बाईकडे असतात. इथेच संस्थावाल्यांशी माझं जुनं भांडण आहे. त्यांना इंग्रजी बोलणारा, स्टेजवर शोभणारा माणूस हवा असतो. अहो, इंग्रजीसाठी दुभाषा मिळतो, पल्परवालीच्या जागी कोण मिळणार?

मात्र दुभाषा कॉफीतला हवा. कुवी किंवा आदिवासी ओडियातून तेलुगू, तेलुगूतून इंग्रजी, इंग्रजीतून फ्रेंच अशी साखळी झाली की आकडे बिघडतात. शेतकरी सांगतो पार्चमेंटचा (टरफलासकट वाळवलेल्या बीचा) दर, पलीकडचा समजतो ग्रीनचा एफओबी (जहाजावर चढवून द्यायचा दर). टरफल काढलं की 100 किलो पार्चमेंटचं जेमतेम 80 किलो ग्रीन हाती येतं. त्यावर क्युरिंग (कारखान्यात टरफल काढून साफ करणं), प्रतवारी, पोती, विशाखापट्टणम बंदरापर्यंतची वाहतूक, निर्यातदाराचा वाटा. खरेदीदार तो चुकीचा आकडा वहीत टिपतो आणि कराराच्या वेळी त्यालाच धरून बसतो. म्हणून दर किलोमागे, ग्रीनचा, एफओबी, लॉट क्रमांकासकट कागदावर छापून न्या. तोंडी दर कुणीच सांगायचा नाही.

नमुना लॉटमागे 350 ग्रॅम, ओलावा 10 ते 12 टक्के, माणसं पोचायच्या तीन आठवडे आधी निर्यातदारामार्फत पाठवा. जो माल जाणार त्याच लॉटमधला हवा. हाताने वेचून सजवलेला नमुना कपिंगला 85 गुण घेतो, कंटेनर उतरल्यावर तेच 81 होतात, आणि पुढच्या वर्षी फोन येत नाही. डिसेंबरात बोलावलं तर नाही म्हणा: ऐन तोडणी असते आणि नवा नमुना तयार नसतो. मे-जून बरा.

व्हिसा. शेंगेनचा (फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसाचा) अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. फाइल अडते उत्पन्नाच्या पुराव्यावर, कारण शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे विवरणपत्र बहुतेकांकडे नसतंच. वनहक्क पट्टा किंवा अडंगल (आंध्रातला सातबारासारखा उतारा), संस्थेत माल घातल्याच्या पावत्या, बँकेचं स्टेटमेंट, संस्थेचा ठराव, खर्च उचलत असल्याचं निमंत्रकाचं पत्र, सगळं इंग्रजी भाषांतरासह जोडा. 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट ईसीआर (परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागणारा) असतो, पण ती अट ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे. फ्रान्सच्या भेटीला ती आड येत नाही. ती अट काढून देतो म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका.

तिकीट प्रीमियममधून काढू नका. वीस फुटी कंटेनरात सुमारे 19 टन माल, त्याचा प्रीमियम साडेआठ हजार डॉलरच्या आत, आणि त्यातला किमान चौथा हिस्सा उत्पादकता व दर्जावरच खर्चावा लागतो. सर्वसाधारण सभेने ठराव केला तर प्रवासखर्च नियमात बसतो, हे खरं. पण ज्याने बोलावलं त्याने खर्च करावा.

आणि हो, बाजार चढा असेल तर किमान भावाचं वरचं गणित बाजूला राहतं. फेब्रुवारी 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारातला कॉफीचा दर पौंडाला 4 डॉलरच्या वर होता. तेव्हा बाजारभाव अधिक प्रीमियम, एवढंच. अशा वर्षी सभासदसुद्धा दारात आलेल्या व्यापाऱ्याला रोखीने माल देऊन मोकळे होतात आणि फ्रान्समध्ये कबूल केलेली पोती भरत नाहीत. तेव्हा निघण्यापूर्वी संस्थेच्या गोदामात प्रत्यक्ष किती पार्चमेंट जमा झालंय ते मोजा आणि तेवढाच आकडा तिथे सांगा.