उत्तरेकडच्या हॉलला ॲग्रीएबल ग्रे द्यावा की रिपोज ग्रे?

हॉलची खिडकी उत्तरेला, खाली कोटा फरशी आणि शेड कार्डावर दोन्ही रंग सारखेच दिसतात, असं तुम्ही लिहिलंय. मी ॲग्रीएबल ग्रे देईन.

कार्डावर ते सारखे दिसणारच. दोन्ही अमेरिकेतल्या शेरविन-विल्यम्स या रंगकंपनीचे. उजेड परत फेकण्याच्या मोजणीत, म्हणजे एलआरव्हीत, काळा ० आणि पांढरा १०० धरला तर ॲग्रीएबल ६०, रिपोज ५८. उजळपणात फरक नाहीच म्हणा. फरक आहे तो झाकेत. ॲग्रीएबलच्या राखाडीत मातकट ऊब आहे. रिपोज जरा थंड, त्यात निळसर-जांभळट छटा दडलेली.

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी रिपोजशी जुळवलेला रंग दिला होता. हॉल तुमच्यासारखाच. उत्तरेच्या खिडकीतून ऊन जवळजवळ येत नाही, येतो तो आभाळाचा निळसर उजेड. त्यात कोटा फरशीचा हिरवट रंग भिंतीवर चढतो. जमिनीपासून हातभर उंचीची भिंत निरखून बघा, वरच्यापेक्षा वेगळी दिसेल. दुपारी चारला आमची भिंत ओल्या पाटीसारखी दिसायची. तिच्यापुढे आजीचा सागवानी झोपाळा, त्याच्या पितळी कड्या, सगळंच मळकं वाटायचं. मला फार वाईट वाटायचं. ६५०० केल्विनचे (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पांढरे दिवे काढून ३००० चे पिवळसर लावले, तेव्हा संध्याकाळ सुधारली, दिवस तसाच राहिला. शेवटी दिवाळीआधी ॲग्रीएबलच्या जवळचा रंग दिला आणि सागवान पुन्हा सागवानासारखं दिसायला लागलं.

मागच्या पश्चिमेच्या खोलीत मात्र रिपोज तसाच ठेवलाय. तिथे संध्याकाळी पिवळंधमक ऊन शिरतं, त्याला थंड राखाडीच शोभतो.

आपल्याकडे दुकानदार हे रंग मशीनवर जुळवून देतात, म्हणून नावावर जाऊ नका, डब्यातला रंग बघा. लहान डबे आणा, दोन मोठ्या जाड पुठ्ठ्यांवर प्रायमर आणि वर दोन हात मारा. जुन्या भिंतीवर पट्टे ओढू नका, शेजारचा जुना रंग डोळ्यांना फसवतो. इमल्शन वाळल्यावर थोडं गडद होतं, तेव्हा रात्रभर थांबा. मग पुठ्ठे भिंतीला टेकवून, अगदी फरशीला लावून उभे करा आणि सकाळी, दुपारी चारला आणि रात्री बघा. दिवे बदलायचे असतील तर ते आधी बदला.