किडनी अधू असताना कोलेस्टेरॉलची कोणती गोळी?

प्रश्न : माझे वडील ६४ वर्षांचे आहेत. जुना मधुमेह, क्रिएटिनिन २.६, ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाजी आकडा) २७. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ११८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २६०. त्यांना रोसुवास्टॅटिन २० आणि फेनोफायब्रेट १६० अशी एकत्र गोळी लिहून दिली आहे. शेजारच्या काकांचीही किडनी अधू, पण त्यांना अटॉर्वास्टॅटिन. आम्ही गोळी बदलून घ्यावी का?
– वाचक, डिचोली

उत्तर : हो, बदलून घ्या. पुढच्या तपासणीच्या तारखेपर्यंत थांबू नका, आजच डॉक्टरांना फोन करून ईजीएफआरचा आकडा सांगा. या एका गोळीत दोन अडचणी आहेत.

पहिली फेनोफायब्रेटची. ते मुख्यतः लघवीवाटे बाहेर जातं. ईजीएफआर ३०च्या खाली असेल तर ते द्यायचं नसतं. ३० ते ६० असताना दिलंच तर कमी डोसात. किडनी अधू असली की ते रक्तात साचतं, आणि जोडीला स्टॅटिन (रोसुवास्टॅटिन, अटॉर्वास्टॅटिन अशी कोलेस्टेरॉल उतरवणारी औषधं) असेल तर स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो. शिवाय हे औषध क्रिएटिनिनचा आकडाही थोडा वर नेतं. बंद केल्यावर काही आठवड्यांत तो उतरतो, पण तोवर घरचे लोक किडनी आणखी बिघडली म्हणून हवालदिल होतात. म्हणून गोळी बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी क्रिएटिनिन पुन्हा तपासा आणि पुढचे निर्णय त्या आकड्यावर घ्या. ट्रायग्लिसराइड २६० असताना फायब्रेटची गरजही नाही. साखर आटोक्यात आणली, फेणी-उर्राक बंद केली, गोड आणि मैद्याचं कमी केलं की ते बरंच उतरतं. आकडा ५००च्या पुढे गेला तर स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते, तेव्हा वेगळा विचार करावा लागतो.

दुसरी अडचण रोसुवास्टॅटिनच्या डोसाची. औषध चांगलं आहे, पण किडनी इतकी अधू असताना त्याची रक्तातली पातळी तिपटीपर्यंत चढते. ईजीएफआर ३०च्या खाली असेल आणि डायालिसिस सुरू नसेल, तर ५ मिलिग्रॅमने सुरुवात करून १० वर थांबायचं असतं. वडिलांना त्याच्या दुप्पट मिळतंय. मधुमेह असून लघवीतून प्रथिन जाणाऱ्या रुग्णांवर ‘प्लॅनेट-१’ हा अभ्यास झाला. त्यात अटॉर्वास्टॅटिन ८० आणि रोसुवास्टॅटिन १० व ४० यांची तुलना केली होती. अटॉर्वास्टॅटिनने प्रथिन जाणं कमी झालं, रोसुवास्टॅटिनने झालं नाही, आणि रोसुवास्टॅटिन ४० घेणाऱ्यांचा ईजीएफआर जास्त वेगाने घसरला.

अटॉर्वास्टॅटिनचा निचरा यकृतातून पित्तावाटे होतो. लघवीत २ टक्क्यांहूनही कमी उतरतं. त्यामुळे किडनीसाठी डोस कमी-जास्त करावा लागत नाही. वडिलांसाठी आम्ही अटॉर्वास्टॅटिन २० मिलिग्रॅम, रोज एक, हेच सुचवू. सकाळी घ्या की रात्री, फरक पडत नाही. चुकू नये इतकंच. पन्नाशी ओलांडलेल्या, ईजीएफआर ६०च्या खाली असलेल्या आणि डायालिसिसवर नसलेल्या रुग्णाला एलडीएल कितीही असलं तरी स्टॅटिन द्यावं, असं ‘केडिगो’ या किडनीविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची २०१३ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. म्हणजे ११८चे १०० झाले नाहीत म्हणून डोस चढवत नेण्याची घाई नको. हार्ट अटॅक येऊन गेला असेल किंवा स्टेंट असेल तर मात्र एलडीएल आणखी खाली आणावं लागतं. तेव्हाही स्टॅटिन वाढवण्याऐवजी एझेटिमाइब १० (आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं कमी करणारी गोळी) जोडणं आम्हाला अधिक सुरक्षित वाटतं. त्याचा डोस किडनीसाठी बदलत नाही. ‘शार्प’ अभ्यासात (२०११, ९,२७० रुग्ण) सिम्वास्टॅटिन २० व एझेटिमाइब १० या जोडीने हार्ट अटॅक, पक्षाघात अशा मोठ्या घटना १७ टक्क्यांनी कमी झाल्या. किडनी उतरण्याचा वेग मात्र कमी झाला नाही. ही गोळी हृदयासाठी आहे. किडनीसाठी रक्तदाब आणि साखरच सांभाळावी लागते.

फार्मसीत गोळी घेताना स्ट्रिपच्या मागचा मजकूर वाचा. नावापुढे ‘एफ’ असेल तर आत बहुधा फेनोफायब्रेट असतं. ‘तीच कंपनी, तीच गोळी’ म्हणून ती पुन्हा घरात येते.

प्रश्न : आईचं आठवड्यातून तीनदा डायालिसिस होतं. तिची अटॉर्वास्टॅटिन १० चालू ठेवली आहे, पण शेजारच्या बेडवरच्या बाईंना कोलेस्टेरॉलची गोळीच नाही. असं का?
– वाचक, फोंडा

उत्तर : दोन्ही बरोबर असू शकतं. डायालिसिसवर आल्यानंतर नव्याने स्टॅटिन सुरू करून फारसा फायदा दिसलेला नाही. २००५च्या ‘४-डी’ अभ्यासात अटॉर्वास्टॅटिन २० आणि २००९च्या ‘ऑरोरा’त रोसुवास्टॅटिन १० देऊनही हृदयविकाराच्या घटनांत ठोस फरक पडला नाही. या टप्प्यावर मृत्यू पुष्कळदा हृदयाची लय बिघडून किंवा हृदय निकामी होऊन येतो आणि तिथे स्टॅटिनचं फारसं चालत नाही. आधीपासून घेत असलेल्यांनी मात्र ती सोडायची नसते. आईची गोळी चालू राहू दे. डायालिसिसमध्ये ती धुऊन जात नाही. फॉस्फरससाठी सेव्हेलॅमर सुरू असेल तर त्यानेही एलडीएल उतरतं. आणि कोलेस्टेरॉल फारच खाली आलं तर खूश होऊ नका. आई नीट जेवते का, वजन घटतंय का, ते पाहा.

प्रश्न : अटॉर्वास्टॅटिन घेताना मांड्या दुखतात. बंद करू का?
– वाचक, म्हापसा

उत्तर : आधी सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करून घ्या, थायरॉइड कमी असलं तरी स्नायू दुखतात. गेल्या काही दिवसांत क्लॅरिथ्रोमायसिन किंवा बुरशीवरची इट्राकोनॅझोल घेतली असेल तर डॉक्टरांना सांगा. या औषधांनी रक्तातलं अटॉर्वास्टॅटिन वाढतं, म्हणून तेवढे दिवस अटॉर्वास्टॅटिन थांबवतात. लघवी कोकमाच्या आगळासारखी गडद झाली, अंगात त्राण उरलं नाही, तर गोळी तिथेच थांबवून त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

प्रश्न : कोलेस्टेरॉलवर बिंबलांचा (बिलिंबी या आंबट फळांचा) रस चांगला म्हणतात. घरामागे झाड आहे. क्रिएटिनिन १.८ आहे, घेतला तर चालेल?
– वाचक, काणकोण

उत्तर : नाही, एक घोटही नको. बिंबलांत ऑक्झलेट भरपूर असतं. त्याचे स्फटिक किडनीच्या नलिकांत अडकतात आणि चांगली किडनीही अचानक बंद पडते. केरळातल्या डॉक्टरांनी २०१३मध्ये अशा १० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतल्या ७ जणांना डायालिसिस करावं लागलं. सुंगटांच्या हुमणात एखाद-दुसरं बिंबल पडणं वेगळं आणि उपाशीपोटी पेलाभर रस वेगळा, पण तुमच्या क्रिएटिनिनला हुमणातही कोकमच बरं. करमल, म्हणजे ते पाच धारांचं आंबट फळ, तेही टाळा. किडनी अधू असलेल्यांना त्याने न थांबणारी उचकी लागते, बरळणं सुरू होतं, कधी झटकेही येतात. रस याआधी घेतला असेल तर आजच क्रिएटिनिन तपासा आणि किती दिवस, किती घेतला ते डॉक्टरांना न लपवता सांगा.