धूर काळा, काटा वर

प्रश्न : माझ्या जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीला टर्बो डिझेल इंजिन आणि यांत्रिक इंजेक्शन पंप आहे. ताकद वाढावी म्हणून पंपावरचा इंधनाचा स्क्रू मी घरीच थोडा आत फिरवला. आता चढावर काळा धूर येतो आणि तापमानाचा काटाही चढतो. इंजिनात जाणारी हवा थंड करणारा इंटरकूलर बसवल्यास हे थांबेल का?

उत्तर : आधी तो स्क्रू मूळ खुणेवर आणा, ही कळकळीची विनंती. काळा धूर म्हणजे पुरेशा हवेअभावी अर्धवट जळालेले डिझेल. डिझेल इंजिनात इंधन जितके वाढवावे तितकी ज्वलनाची उष्णता वाढत जाते. शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळते आणि पिस्टन त्याच्याच मिश्रधातूचे असतात, हे लक्षात घेतले म्हणजे धोका किती मोठा आहे ते कळते. पाण्याच्या तापमानाचा काटा ही सूचना फार उशिरा देतो. म्हणून टर्बोच्या (हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंपाच्या) अलीकडे, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनातून जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडात, त्या वायूचे तापमान दाखवणारा मापक बसवल्याशिवाय पुढचा कोणताही बदल करू नये.

मग हवेचा मार्ग तपासावा. एअर फिल्टर बदलावा. टर्बोपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळ्यांच्या क्लॅम्पपाशी बोट फिरवून पाहावे. तिथे तेलकट, धूळ चिकटलेला पट्टा लागला, तर बहुधा दाबाची हवा तिथूनच निसटते आहे. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला चिखलही काढावा.

इंटरकूलर उपयुक्त आहेच, कारण थंड हवा दाट असते आणि इंधन जाळायला जास्त हवा मिळते; मात्र गळती बंद झाल्यावरच तो बसवावा आणि त्यानंतर मापकाकडे पाहत स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवावा.