जळगावला कापूस जिनिंगच्या ऑफिसातला पीसी दुपारी निळी स्क्रीन (विंडोज कोसळल्यावर दिसणारा एरर) न येता एकदम बंद पडतो. रॅम बदलली, विंडोज नव्याने टाकलं, तरी तेच. दोष कुठे शोधू?

आधी उष्णता तपासा, मग पॉवर सप्लाय. निळी स्क्रीन येतच नसेल तर विंडोजवर संशय शेवटी घ्या. धुळ्यात दुरुस्तीचं काम करतो, एप्रिल-मेमध्ये अशी मशिनं नेहमी येतात. प्रोसेसर साधारण १०० अंशांच्या आसपास गेला की आधी वेग कमी करतो, आणि तरीही तापतच राहिला तर स्वतःला वाचवायला मशीन बंद पाडतो. खोलीच ४० च्या पुढे असेल आणि हीटसिंकमध्ये (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांमध्ये) कापसाची तूस नमद्यासारखी बसली असेल, तर तिथवर पोचायला वेळ लागत नाही. एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवून त्याची नोंद फाइलमध्ये जाऊ द्या आणि बंद पडण्याआधीचे आकडे बघा. ९५ च्या वर असतील तर सफाई करून थर्मल पेस्ट नवी लावा. (खोलीतला पाण्याचा कूलर कॅबिनेटवर रोखू नका, ओल आत जाते.)

तापमान ७० च्या आतच असताना बंद पडला, तर दुसरा चांगला पॉवर सप्लाय लावून बघा, आणि यूपीएस वगळून थेट भिंतीवरच्या सॉकेटवरही एकदा चालवा. यूपीएसची बॅटरी उतरली असेल तर व्होल्टेज हलताच तो दगा देतो. इव्हेंट व्ह्यूअरमधल्या (विंडोजची नोंदवही) 'कर्नल-पॉवर ४१' या नोंदीवरून निष्कर्ष काढू नका. मशीन नीट शटडाउन झालं नाही, एवढंच ती नोंद सांगते.

मात्र कधी निळी स्क्रीन आलीच तर वाट वेगळी: विंडोजच्या मिनीडंप फोल्डरमधली (तिथे क्रॅशची नोंद असते) फाइल बघा आणि नवी रॅमही रात्रभर मेमटेस्टवर (रॅम तपासणारा प्रोग्राम) टाका.